भाकरीनं पुसलेली भिंत

पयलं लिवणं माजंच. म्हंजे लिवलं दुसऱ्यानं, मला तर अक्षराचं शेपूटही कळत नाय. पण भिंत मी दाखवली, कोळसा मी दिला आणि लिवणाऱ्याला वर विडी पण मीच पेटवून दिली. पुढं गावातल्या भिंतींची जी घाण झाली, तिचं बियाणं माज्या हातचं. हे आधीच सांगून टाकतो, नायतर मधीच कुणीतरी मला शाणा समजंल.

तेव्हा मी कोळसा विकायचो. माथेरानच्या पायथ्याला रानात कातकरी भट्ट्या लावायचे. त्यांच्याकडनं कोळसा घ्यायचा, कावडीच्या दोन पाट्या भरायच्या आणि नेरळच्या बाजारात न्यायच्या. तितनं तो वर डोंगरावर हाटेलात जायचा. सायबाचा चा माज्या कोळशावर उकळतो, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. सायबानं मला कधी बघितला नाय, आणि बघितला असता तर चा टाकून पळाला असता. डोळे आणि दात सोडले तर सगळा काळा. बायको म्हणायची, "अवो, आधी हसा, मंग घरात शिरा. म्हंजे कळंल तरी कोण आलंय ते."

आमचं गाव नेरळ आणि पोशीरच्या मधी. भातशेती सगळी. दिवाळीला घरोघर भिंती सारवायच्या, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, आणि चावडीला पाटील चुना काढून घ्यायचा. त्या साली चावडी अशी पांढरी झाली की गाईसुद्धा थांबून बघायच्या. मी पण बघितली आणि माज्या टाळक्यात किडा वळवळला.

मुंबईच्या गिरणीतनं सुटून एक जण गावात परत आला व्हता. त्याला समदे मुंबईकर म्हणायचे. त्याला लिवता यायचं, झोकात यायचं. मी त्याला म्हणलं, "मुंबईकर, चावडीवर माजं काय तरी लिवा की. मुंबईत दुकानावर लिवतात म्हणं."

"काय लिवू?"

"लिवा, हितं झकास कोळसा मिळंल."

त्यानं लिवलं. बाजूला माज्या घराकडं बोट दाखवणारा हात पण काढला. आता गावात समद्यांना ठाऊक व्हतं कोळसा कुठं मिळतो. वाचता येणारी माणसं पाच, आणि त्या पाचातले तीन माजे शेजारी. पण मला काय आनंद! दिसातनं चार वेळा चावडीसमोर जाऊन उभा राह्यचो. वाचणारा कुणी गेला की हाक मारायचो, "काय लिवलंय वो? जरा मोठ्यानं वाचा."

तितंच चुकलं. कोळशाच्या लिवण्यापेक्षा माजं ते "मोठ्यानं वाचा" जास्त वाईट. कारण लोकांना सवय लागली. सांजच्याला गुरं घरी आली की माणसं भिंतीसमोर जमायची आणि वाचणाऱ्याला धरून उभा करायची. मंग लिवणारे पण वाढले. चावडीवर लिवलं, देवळावर लिवलं, वाण्याच्या ओट्यावर लिवलं. कुणाचा बैल आळशी, कुणाची बायको नवऱ्याला लाटण्यानं हाणते, असलं. समदे हसायचे. माज्याबद्दल पण आलं, की हा आंघोळ करंल तर उल्हास नदी काळी व्हईल. मी सगळ्यात जास्त हसलो.

मंग एक दिवस सकाळी सुईणीच्या भिंतीवर लिवलेलं सापडलं.

आमच्या गावची सुईण म्हंजे पन्नाशीची रांडाव बाई, अंगानं काटकी, जिभेनं धार. आजूबाजूच्या चार गावांत जेवढी पोरं बागडत व्हती, त्यातली निम्मी तिच्या हातावर उतरलेली. माजा थोरला पायाळू आला व्हता. दोन दिस बायको अडली व्हती. तेव्हा हिनंच दोघांना वाचवलं. मी ओट्यावर बसून देवाचं नाव घेत व्हतो, तर बाहेर येऊन म्हणाली, "देवाला कशाला त्रास देतोस? पाणी तापव."

तिचं घर पाणवठ्याच्या वाटेवर. गावातल्या समद्या बाया हंडे घेऊन तितनंच जायच्या. त्या भिंतीवर काळ्या कोळशानं लिवलं व्हतं. मी नेरळला निघालो व्हतो, खांद्यावर कावड. गर्दी बघून थांबलो. वाणी तितं उभा. मी सवयीनं वरडलो, "काय लिवलंय? वाचा की मोठ्यानं!"

वाण्यानं वाचलं. "सुईणीचा हात काळा. पोरं खातो."

बायांनी हंडे खाली ठेवले. आणि मला गप बसवंना. मी कावड खाली ठेवली, माजे दोन्ही पंजे वर केले, कोळशानं माखलेले, आणि म्हणलं, "हात काळा म्हणून पोरं खात असता, तर मी रोज दोन खाल्ली असती, आणि दुपारच्याला येक!"

असा हशा पिकला. मला वाटलं मी सुईणीची बाजू घेतली. म्हणून नेरळच्या बाजारात जाऊन परत तेच केलं, पंजे वर करून. येताना पोशीरच्या वाटेवर दोन गाडीवाले भेटले, त्यांनापण करून दाखवलं. कोळशाला गिऱ्हाईक नव्हतं एवढं त्या नकलेला व्हतं. भिंतीवरचं लिवणं आमच्या गावातच ऱ्हायलं असतं. मी ते कावडीत घालून चार गावांत पोचवलं, फुकट.

पंधरा दिसांत त्याचं फळ आलं. शेजारगावातनं सुईणीला न्यायला बैलगाडी आली व्हती, ती वेशीवरनंच माघारी गेली. कुणीतरी सांगितलं म्हणं, तिच्या हाताला येश नाय. मंग आणखी एका घरानं बोलवलं नाय. आणि एक दिवस ती आमच्या ओट्यावर आली. माज्या बायकोला आठवा सरून नववा लागला व्हता. सुईणीनं उंबरा ओलांडला नाय. बाहेरनंच म्हणाली, "पोरी, तुज्या येळंला दुसरी कुणी बघ. शिमगा झाला की मी भावाकडं चौक गावाला जाते. कायमची."

बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. "का गं मावशे?"

"तुज्या नवऱ्याला इचार. नक्कल चांगली करतो."

सुईण गेली. बायकोनं मला शिव्या दिल्या नायत. दिल्या असत्या तर बरं. ती माज्याकडं बघून येवढंच म्हणाली, "थोरल्याच्या येळंला मी मेलेच व्हते. तिनं वडून काढली. आता तिला आणा. कशी आणायची ते तुमी बघा. पण हसवून आणू नका."

मी सुईणीकडं गेलो. पाय धरायला वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले.

"मावशे, चुकलं."

"माफी नको मला. तुजी माफी बी मोठ्यानं असंल. भिंत कोरी कर."

"करतो की!"

"नुसती आज नाय रं. आजची मी सारवून टाकीन. परत लिवतील, परत सारवीन. शिमग्याला या वाटेवरच्या बायांना माज्या भिंतीवर येक काळी रेघ दिसता कामा नये. दिसली तर मी चालले."

शिमग्याला महिना-सव्वा महिना व्हता. बायकोचे दिस पण त्याच सुमाराला. मी म्हणलं, ठरलं. मनात म्हणलं, भिंत पुसायला काय लागतं? हात आणि फडकं.

दुसऱ्या दिशी पहाटे जाऊन बघतो, तर लिवलेलं. मी फडकं ओलं केलं आणि घासलं. अक्षरं गेली. त्यांच्या जागी म्हशीयेवढा काळा डाग आला. आधी ज्याला वाचता येत व्हतं त्यालाच कळत व्हतं, आता आंधळ्याला पण दिसत व्हतं. मंग मी चुना आणून फासला. चुना वाळल्यावर आतनं काळं वर आलं, आणि माज्या हाताची सालं निघाली ती येगळीच. चार दिस मला बायको भरवत व्हती आणि थोरला बघून हसत व्हता.

शेवटी मी सारवायला बसलो. गावात बाप्यानं भिंत सारवलेली कुणी बघितली नव्हती. शेणाचा गोळा घेऊन मी भिंतीशी, आणि पाणवठ्याच्या बाया पाठीमागं.

"आगं बघा गं, नवी सून आली!"

"सुनबाई, कोपरं सोडू नका!"

"लुगडं देऊ का नेसायला?"

मी म्हणलं, "द्या, पण हिरवं द्या. काळ्या रंगाला हिरवं उठून दिसतं." त्या हसल्या. पण माजं सारवण वाळल्यावर फुटलं आणि खपल्या निघाल्या. सुईण बाहेर आली, खपल्या झाडूनं गोळा केल्या आणि आत गेली. तेच लागलं.

मंग एक दिस दुपारी तिच्या भिंतीशी भाकरी सोडून बसलो. रानात कोळसा भरताना हात धुवायला पाणी नसतं, तेव्हा आमच्यात येक रीत हाय. भाकरीचा पयला तुकडा मोडायचा, त्यानं बोटं पुसायची आणि तो कावळ्याला टाकायचा. मंग जेवायचं. मी तसंच केलं. शिळी तांदळाची भाकरी, मधला मऊ भाग चिमटीत घेतला, बोटं पुसली. बोट पांढरं, तुकडा काळा. मी तुकड्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. बारा वर्सं मी हे रोज करत व्हतो आणि डोसक्यात उजेड पडला नव्हता.

उठून मऊ भाकरीची गोळी केली आणि कोरडीच भिंतीवर फिरवली. अक्षर निघालं! भिंतीला डाग नाय, खपली नाय. वरनं पांढऱ्या मातीचा पातळ हात दिला. आतलं काही वर आलं नाय. मी तितंच नाचलो.

घरी बायको खवळली. "पोटात पोर, आणि भाकरी भिंतीला?" पण तिला सांगितलं तेव्हा गप झाली. दुसऱ्या दिसापासनं येक भाकरी जास्त थापायला लागली. करपलेली मला आणि चांगली भिंतीला.

आता माज्या अंगात वारं शिरलं. नुसती सुईणीची भिंत का? समदंच पुसू. लोक घाण वाचायला जमतातच का? रोज उजाडताना भाकरी घेऊन निघायचो आणि जितं काळं-तांबडं दिसंल तितं घासायचो. आता मला कुठलं लिवणं चांगलं आणि कुठलं वाईट, ते काय कळतंय? वाण्याच्या दारावर दिवाळीत गेरूनं शुभ-लाभ लिवलेलं व्हतं. ते भाकरीनं निघंना, म्हणून मी खरवडून काढलं. वाणी बाहेर आला तेव्हा शुभ गेलं व्हतं आणि लाभाला हात घातला व्हता.

"मेल्या, माजा लाभ खरवडतोस?" म्हणून त्यानं वजन फेकून मारलं. पाव शेराचं व्हतं म्हणून वाचलो.

त्याच्यापुढची गंमत चावडीची. पाटलानं चावडीवर लिवून घेतलं व्हतं, की अमुक दिशी देवी टोचायला माणूस येणार, पोरं घेऊन या. मी ते उजाडताच साफ केलं. देवी टोचणारा आला, दिसभर बसून ऱ्हायला, पोर येक नाय. जाताना पाटलाला वाट्टेल ते बोलून गेला. पाटलानं दवंडी पिटवली, की समद्यांनी चावडीवर यावं, आणि भाकरीवाल्यानं आधी यावं.

पण त्याआधी मला येक गोष्ट कळली व्हती. अक्षर मला वाचता येत नाय, पण कोळसा वाचता येतो. खैराचा कोळसा कडक, भिंतीवर खरखरतो. ऐनाचा ठिसूळ, भुगा पडतो. सुईणीच्या भिंतीवरचा मऊ व्हता, लोण्यासारखा, भाकरीला चिकटला की गोळी काळी कुळकुळीत. तो पांगाऱ्याचा. पांगाऱ्याचा कोळसा चुलीला कुणी घेत नाय, भुर्रकन जळतो. तो मी गावात येकाच माणसाला द्यायचो, दात घासायला. मुंबईकराला. मुंबईच्या पाण्यानं दात पिवळे झाले म्हणून त्याला तो लागायचा.

तो का लिवतो तेही जुळलं. दिवाळीच्या आधी त्याची बायको बाळंत झाली. आठव्या दिशी त्यानं तिला भाताच्या भाऱ्याला जुंपलं, तेव्हा पाणवठ्यावर चार बायांत सुईणीनं त्याला झाडला व्हता. "गिरणीत मशीन चालवलंस ना? मशीनला बी तेल घालतात रं." बाया हसल्या. त्याला ते झोंबलं.

चावडी भरली. सुईण बायांच्यात मागं, भिंतीला टेकून. मुंबईकर पुढं, पाय पसरून. पाटलानं मला उभा केला.

"काय रं, सरकारी लिवणं पुसायचा हुकूम तुला कुणी दिला?"

मी त्या दिशी ठरवून गेलो व्हतो, की हसवायचं नाय. आयुष्यात पयल्यांदा. म्हणलं, "पाटील, हुकूम नाय. चूक माजी. पण ती येक नाय, तीन हायत. चावडीवर पयलं लिवणं माज्या कोळशाचं. ते मी लिवून घेतलं. दुसरी, समद्यांना मोठ्यानं वाचायची सवय मी लावली. आपल्यात वाचणारे पाच. ते गप ऱ्हायले असते, तर भिंतीवरचं भिंतीवरच ऱ्हायलं असतं. तिसरी, मावशीबद्दलचं लिवणं मी पंजे वर करून नेरळपातूर नेलं. माज्या बायकोचे दिस भरलेत. मावशी गेली तर मी काय करू?"

कुणीतरी मागनं म्हणलं, "नक्कल करून दाखव की!" मी दाखवली नाय. बोलणारा खाली बघायला लागला.

"आणि चौथी," मी म्हणलं, "ते लिवणं पांगाऱ्याच्या कोळशाचं हाय. तो मीच विकला, दात घासायला. उद्यापासनं मऊ कोळसा गावात देणार नाय. ज्याला दात घासायचे त्यानं राखेनं घासावेत."

येवढंच बोललो. नाव घेतलं नाय. पण चावडीतली माणसं येकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मुंबईकर मघापासनं हसत व्हता. त्यानं तोंड मिटलं. पण येवढे पांढरे दात गावात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

पाटलानं त्याच्याकडं बघितलं. मंग म्हणाला, "आज कुणाला वेशीबाहेर काढायचं नाय. पण ऐका. ज्याच्या भिंतीवर लिवलेलं सापडंल, त्यानं गुरं सुटायच्या आत पुसायचं, कोरड्या भाकरीनं, हा सांगतो तसं. त्याला येळ नसंल तर आळीनं पुसायचं. आणि वाचता येणाऱ्यांनी मोठ्यानं वाचायचं नाय. कुणी इचारलं तर सांगायचं, काय नाय, कोळसा हाय."

"आणि सरकारी लिवणं?" वाण्यानं इचारलं.

"चावडीत फळी लावतो काळी. बाजार कधी, टोचायला कधी, कुणाचं वासरू हरवलं, ते खडूनं त्या फळीवर. अक्षर कुणाचं चांगलं हाय?" पाटील मुंबईकराकडं वळला. "तुमचंच की. रोज दिवसाढवळ्या लिवायचं, चारचौघांत."

दुसऱ्या दिशी उजाडताना मी सुईणीच्या भिंतीशी गेलो, तर मुंबईकर आधीच तितं उभा. हातात भाकरी. चावडीच्या गडबडीत माजं पुसायचं ऱ्हायलेलं लिवणं तो पुसत व्हता, पण भाकरी ओली करून आणली व्हती. भिंतीवर मोठा काळा फराटा पडला व्हता. मी म्हणलं, "कोरडी घ्या. मी पण तसंच शिकलो." माजी भाकरी मोडून अर्धी त्याला दिली. दोघं घासत बसलो. तो काय बोलला नाय, मी पण नाय. माज्यासाठी ते किती अवघड व्हतं ते माज्या बायकोलाच इचारा.

त्यानंतर लिवणं लगेच थांबलं असं नाय. देवळावर दोनदा सापडलं, ऐनाच्या कोळशाचं, म्हंजे दुसऱ्याच कुणाचं. पण गुरं सुटायच्या आत गेलं. कुणी वाचलं नाय, कुणी जमलं नाय. लिवणारा सांजच्याला येऊन बघायचा, तर भिंत कोरी आणि माणसं आपापल्या घरी. किती दिस लिवंल बिचारा? शिमग्याच्या आधीच कंटाळला.

मी मात्र रोज सुईणीची भिंत बघत ऱ्हायलो. रेघ नसली तरी बघायचो. येक दिस सकाळी असाच बघत व्हतो, आणि थोरला पळत आला. "आय वरडतेय!" मी दारात उभ्या सुईणीकडं बघितलं. तिनं भिंतीवरनं हात फिरवला, वरनं खालपातूर, हाताकडं बघितलं. कोरा व्हता. पदर खोचला आणि माज्या पुढं चालायला लागली.

"बघत काय ऱ्हायलास? पाणी तापव."

मी तापवलं. दुपारच्या आत पोरगी झाली, सरळ, डोकं पुढं. सुईण बाहेर आली तेव्हा मी नुसते पंजे पुढं केले. धुतलेले व्हते. तिनं त्यात पोरगी ठेवली.

पाचवीला आमच्याकडं सटवाई पुजतात. ती येऊन पोराच्या कपाळी लिवून जाते, म्हणून पाट्यावर कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. माज्या घरात कागद कुठला? मुंबईकराकडं मागायला गेलो. त्यानं दिला, आणि बोरू स्वता तासून दिला. दिवेलागणीला सुईणीनं पूजा मांडली, कागद सरळ केला आणि मला म्हणाली, "आता सटवाईला लिवू दे. तिनं काय लिवलं ते कुणाला मोठ्यानं इचारू नकोस."

मी इचारलं नाय. पोरगी मोठी झाली आणि चावडीतल्या त्या फळीवरची अक्षरं बघून बघून वाचायला शिकली. हे मी सांगतोय आणि ती लिवतेय, कागदावर. मघापासनं दोनदा थांबून म्हणाली, "बा, हे शुभ-लाभाचं लिवू का? लोक हसतील."

म्हणलं, लिव. माज्यावर हसू दे.